रद्दीतली पुरवणी आणि आमचा मे महिना

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या मुंबईच्या पुरवणीतल्या एका पानाबद्दल आहे. ते पान मला रद्दीत मिळालं, हे आधीच सांगतो. आमची आंब्याची पंचवीस कलमं आहेत. एप्रिलअखेरीस पेट्या भरायच्या म्हणून कुडाळच्या बाजारातून वीस किलो रद्दी आणली होती. पेटीत खाली गवत, त्यावर कागद, मग फळ, पुन्हा कागद. आमच्याकडे येणारी बरीचशी रद्दी मुंबईचीच असते. फळ ठेवता ठेवता तुमच्या पुरवणीचं एक पान हाताला लागलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईत काय बघावं याची यादी होती. चित्रप्रदर्शनं, संग्रहालयांतली मुलांची शिबिरं, बालनाट्यं, जुन्या इमारती दाखवत नेणाऱ्या फेऱ्या. हातातला आंबा तसाच धरून मी वाचत बसलो. बायको म्हणाली, "तुमचा वाचून होयसर आंबे पेटयेतच पिकतले."

वाचून झालं तेव्हा वरची तारीख बघितली. मागच्या वर्षीचा मे महिना.

आमच्या हातात जो अंक पडतो त्यात ती पुरवणी नसते. आमच्या पानांवर आमचं असतं, खताचे भाव, गावचा सप्ताह, दहावीचे निकाल, कुठल्या पुलाचं काय अडलं. ते हवंच. पण मुंबईत कुठल्या भिंतीवर काय लागलं आहे याच्याशी सिंधुदुर्गातल्या माणसाला काय करायचंय, असं धरून तुम्ही ती पुरवणी मुंबईपुरती ठेवली असेल, तर माझ्यासारखा एक माणूस तरी त्या हिशोबात बसत नाही. माझ्या ओळखीतले आणखी चार-पाच बसत नाहीत.

मी गणपती करतो. वडील करायचे, आजोबा करायचे. घराच्या पडवीला लागून शाळा आहे. मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, गणपती जिथे होतात त्या जागेला आम्ही शाळाच म्हणतो. पाऊस सुरू झाला, लावणी आवरली, की लोक आपापला पाट आणून देतात. पाटावर विडा आणि नारळ. कुणाच्या पाटावर किती उंचीचा, बैठक कुठली, उंदीर डाव्या अंगाला की उजव्या, हे घराघराचं ठरलेलं असतं आणि ते मला पाठ आहे. तिथून पुढे चतुर्थीपर्यंत मान वर करायला मिळत नाही. शेवटचे आठ दिवस तर डोळ्यांची आखणी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालते. चतुर्थी झाली की भातकापणी, मग दिवाळी, मग जत्रा, मग काजू, मग आंबा. आंब्याची शेवटची पेटी गेली की मिरगाचा पाऊस येईपर्यंत जे पंधरा दिवस उरतात तेवढे माझे. त्यातले सात-आठ दिवस मी मुंबईला जातो. उलट्या दिशेने.

उलटी दिशा म्हणजे अशी की सगळे चाकरमानी तेव्हा गावाला येत असतात. खाली येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते आणि मे महिन्याच्या मध्यावर वर जाणाऱ्या कोकणकन्येत मला खिडकीचा बर्थ मिळतो. महिना संपत आला की हे चित्र फिरतं, मग नाही जमत. माझी बहीण लालबागला राहते. मे महिन्यात ती मुलाबाळांसकट माझ्या घरात आणि मी तिच्या खोलीत. किल्ली शेजारच्या बिऱ्हाडात असते. तीस-पस्तीस वर्षं हे असं चाललं आहे आणि दोघांनाही वाटतं की अदलाबदलीत आपलाच फायदा झाला.

पहिल्यांदा गेलो तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. १९८३ साली रात्रभर एसटीने अंग आंबवून मुंबईला पोचलो होतो. मेहुण्याने जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारात सोडलं आणि तो कामाला गेला. मी अर्धा तास बाहेरच. फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्यांची चित्रं बघत राहिलो. आत जायला पास लागत असेल असं वाटलं, शिवाय पायात स्लिपर. शेवटी एक बाई दोन पोरांना घेऊन सरळ आत गेली, कुणी काही विचारलं नाही, तेव्हा तिच्यामागून गेलो. ही गॅलरी १९५२ साली उघडली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ पैसा दिला आणि चित्रकार हेब्बर व डॉ. होमी भाभा यांनी ती व्हावी म्हणून खटपट केली, हे सगळं मला फार नंतर कळलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच की आत जायला पैसे पडत नाहीत आणि ज्याने चित्रं काढली तो माणूस तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो.

त्या खुर्चीतल्या माणसाने विचारलं, कुठून आलात. म्हटलं, कुडाळकडचा, गणपती करतो. तो उठूनच उभा राहिला. मला एका चित्रापाशी नेलं. एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा होता. म्हणाला, तुम्ही डोळा आखताना काळी रेघ कुठून सुरू करता? मी बोटाने हवेत दाखवलं. तो म्हणाला, आधी वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते ती बघा, काळं मग. चित्रात ती सावली होती, पातळ, तपकिरी. मी तोवर बावीस वर्षांचा झालो होतो आणि शेकडो डोळे आखून झाले होते, पण ती सावली मला दिसली नव्हती. त्या वर्षीपासून आमच्या शाळेतल्या गणपतीच्या पापणीखाली काळ्याच्या आधी तपकिरीचा एक हात फिरतो. पहिल्या वर्षी गावातले एक बुवा मूर्तीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "औंदा देव जागो दिसता." ते का, हे मी कुणाला सांगितलं नाही. आता तुम्हाला सांगतो आहे.

त्या माणसाचं नाव तेव्हा नीट विचारून घेतलं नाही याची हळहळ अजून आहे.

गेली चार वर्षं नातू बरोबर असतो. यंदा सातवीत जाईल. त्याला मी पहिल्यांदा नेलं ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. आमच्या पिढीतले अजून त्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात. १९२२ साली लोकांसाठी उघडलेली इमारत, वरचा तो घुमट, बाहेर झाडी. मे महिन्यातल्या दुपारी आत शिरल्यावर जो गारवा लागतो त्याचेच निम्मे पैसे वसूल. दगडी मूर्तींच्या दालनात नातू एका देवापाशी थांबला. देवाचा एक हात कोपरापासून नाही, दुसऱ्याची बोटं गेलेली.

"आजोबा, हेचो हात मोडलो, तरी हेका ठेवल्यानी?"

प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे रंगवून झालेल्या मूर्तीचं बोट जरी दुखावलं तरी घरधनी ती नेत नाही, आणि नेऊही नये. अशी मूर्ती मी कुणाला दिसायच्या आत परत मातीत घालतो. पोराने जन्मभर तेच बघितलेलं. आणि इथे मोडक्या देवाला वरून दिवा, पुढे दोरी, बाजूला रखवालदार. मी त्याला म्हटलं, हा पूजेला नाही, बघायला ठेवलाय. तो म्हणाला, मग आपण आपला एक बघायला का नाय ठेवत? याचं उत्तर मला तिथे सुचलं नाही. घरी आल्यावरही सुचलेलं नाही. पण गेल्या चतुर्थीनंतर एक लहान मूर्ती, रंग न देता, शाळेच्या फळीवर ठेवून दिली आहे. बायको विचारते, ही कुणाची. सांगतो, कुणाची नाही.

त्याच संग्रहालयात मिरपूरखासच्या स्तूपातल्या मातीच्या मूर्ती आहेत. सिंध प्रांतातल्या, साधारण दीड हजार वर्षांपूर्वीच्या. बुद्ध आहे, आणि हातात कमळ धरलेला एक माणूस. दगडापुढे मी हात जोडतो, पण मातीपुढे माझे पाय हलत नाहीत. भाजलेली माती. कपड्याच्या चुण्या ओल्या मातीत कोरणीने कशा काढल्या असतील ते मला दिसतं, कारण ती ओढ मीही रोज ओढतो. फक्त माझी माती कच्ची. दीड दिवसाच्या गणपतीला दीड दिवस, अकरा दिवसांच्या गणपतीला अकरा, मग ओहोळात. मिरपूरखासच्या त्या कारागिराने आपली मूर्ती भट्टीत घातली आणि ती मुंबईला आली. माझ्या हातचं एकही काम माझ्या घरापासून अर्ध्या कोसापलीकडे टिकलेलं नाही. वाईट वाटून लिहीत नाही. धंदाच तसा आहे. पण तिथे उभं राहिल्यावर हे मनात येतं एवढं खरं. मग रखवालदार म्हणतो, चला, पुढे चला.

२०२४च्या मेमध्ये गेलो तेव्हा तिथेच इजिप्त, ग्रीस, रोमच्या मूर्ती मांडल्या होत्या, लंडन-बर्लिनच्या संग्रहालयांतून आणलेल्या. ते मला चहाच्या टपरीवर एका विद्यार्थ्याने सांगितलं म्हणून कळलं. ऑक्टोबरपर्यंत ते प्रदर्शन होतं. माझ्या गावातला एक सुतार, एक पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी करणारा आणि शाळेतले दोन ड्रॉइंग मास्तर, एवढे तरी नक्की गेले असते. चतुर्थी आटपल्यावर मी त्यांना सांगितलं, तोवर ते संपत आलं होतं. यात चूक माझीही आहेच.

राणीच्या बागेत वाघापाशी गर्दी असते. त्याच आवारात भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ सालचं. तिथे मातीची छोटी छोटी माणसं आहेत, जुन्या मुंबईत वावरणारी, तऱ्हेतऱ्हेच्या पागोट्यांची, तऱ्हेतऱ्हेच्या धंद्यांतली. वीतभर माणसाच्या चेहऱ्यावर कंटाळा दाखवणं काय असतं ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. बाहेर दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. तो १८६४ साली विलायतेला न्यायला काढला, उचलताना पडून फुटला, आणि तुकडे जोडून १९१४ साली पुन्हा उभा केला. नातवाला मी त्याचे सांधे दाखवले. माझ्या कामात सांधा दिसला की काम फसलं. तिथे सांधेच बघत उभं राहावंसं वाटतं.

आता थोडी कुरकूर. गॅलरीचं नाव लिहीत नाही, फोर्टकडची आहे एवढंच. दार काचेचं, आतून बंद, घंटी वाजवावी लागते. वाजवली. रखवालदाराने काचेतून हातानेच विचारलं, काय? मीही हातानेच दाखवलं, बघायचं आहे. त्याने आत कुणाला तरी विचारलं आणि मग दार उघडलं. आत मातीचंच काम होतं, मोठे मोठे रांजणासारखे आकार, चिरा मुद्दाम ठेवलेल्या. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. बाजूला चिठ्ठी, फक्त इंग्रजीत. नातवाने अक्षरं लावून वाचलं, मिक्स्ड मीडिया. मी तिथल्या मुलीला विचारलं, ही माती कुठली, आणि मिसळलंय काय? तिने हसून एक छापील कागद दिला. त्यावर किमती होत्या. आमच्याकडे शाडूत काही मिसळलं तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं आणि मला उत्तर द्यावं लागतं. मुलगी वाईट नव्हती, तिला बहुधा माहीतच नव्हतं. पण जिथे मराठी बोलणारी माणसं रस्त्यावरून दिवसभर जातात तिथे मराठीत दोन ओळी लिहायला किती शाई लागते? माती कुठली, भाजली का, किती दिवस लागले. भावना, आशय वगैरे नाही लिहिलं तरी चालेल, ते आम्ही आमचं बघून घेऊ.

आणि सोमवार. पहिल्या खेपेला नातवाला घेऊन सोमवारी पहाटे उतरलो आणि दोन ठिकाणच्या कुलपांना हात लावून परत आलो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, राणीची बाग आणि तिथलं संग्रहालय बुधवारी. मुंबईकराला ते माहीत असतं, किंवा नसलं तरी त्याचा एक लोकलचा फेरा वाया जातो. आमचा एक आख्खा दिवस जातो, आणि दिवस असतात सात.

तुमच्या त्या यादीत एक जागा नव्हती, ती सुचवतो. गेटवेहून मांडव्याच्या लाँचमध्ये बसावं, तासाभराचा प्रवास, पावसाळ्यात त्या बंद होतात म्हणून मेमध्येच जावं. मांडव्याहून अलिबागच्या वाटेवर सासवणे गाव लागतं. तिथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं घर आहे. १८९१चा जन्म, १९६७ साली गेले. वडील गणपती करायचे. पोराने गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं, ते रॉथफिल्ड नावाच्या कलेक्टरने बघितलं आणि मुलाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. पुण्यातला १९२८ सालचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सासवण्याचं घर आता शिल्पालय आहे. घरभर आणि अंगणात त्यांची कामं, त्यातली किती तरी सिमेंटची. 'शंखध्वनी' आहे, 'मत्स्यगंधा' आहे. सिमेंट म्हणजे घराचा चोथरा आणि विहिरीचा कठडा एवढंच आम्हाला माहीत. त्यातून कोळणीच्या अंगाची मऊ वळणं काढलेली बघितल्यावर मी अंगणात तसाच पायरीवर बसलो. नातू म्हणाला, "आजोबा, ह्यांचे बाबा पण गणपतीच करायचे?" तीनदा विचारलं त्याने. तीनदा हो म्हणालो. परतीच्या लाँचमध्ये तो गप्प होता, आणि तो गप्प बसणाऱ्यातला नव्हे.

संपादक महाशय, मागणं असं आहे. ही यादी मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्या अंकातही येऊ द्या. अर्धं पान पुरे. कुठलं प्रदर्शन कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या वारी बंद, तिकीट आहे की फुकट, जवळचं स्टेशन कुठलं. आज सुरू झालं आणि रविवारी संपणार अशी बातमी आम्हाला कामाची नाही, गाडीचं तिकीट काढायला तरी सवड हवी. जहांगीरसारख्या ठिकाणी आठवड्याला भिंती बदलतात, तिथलं पुढच्या तीन आठवड्यांचं आधी कळलं तर कुठल्या आठवड्यात निघायचं ते ठरवता येतं.

आणि आमचंही एक अर्धं पान तुमच्या मुंबईच्या पुरवणीत छापा. चाकरमानी मे महिन्यात गावी येतात, मालवणचा किल्ला आणि एक समुद्रकिनारा बघतात, मासे खातात, परत जातात. माझे भाचेही तेच करतात. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय केलं आहे. कागदावरची चित्रं एकेक करून पुढे धरत गोष्ट गाऊन सांगतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे हातरंगी पत्ते, रंगवताना बघता येतो, दशावतारी गंजिफाचे गोल पत्ते एकशे वीस, आणि एकेका पत्त्यावरचा अवतार माझ्या अंगठ्याएवढा. रत्नागिरीला थिबा राजवाड्यात संग्रहालय आहे. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कोरलेला हत्ती तर चालत फेरी मारून बघावा लागतो, आणि त्याच्या पोटात आणखी किती तरी प्राणी कोरलेले. पावसात सड्यावर गवत वाढतं, म्हणून तेही मेमध्येच, सकाळी नऊच्या आत, नाहीतर कातळ पायाला चटके देतो. तिथे काच नाही, घंटी नाही. चिठ्ठीही नाही म्हणा, इंग्रजीत किंवा मराठीत.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची एक बस आहे, वस्तू घेऊन शाळाशाळांतून फिरणारी, २०१५पासून. ती हिवाळ्यात आमच्या तालुक्यात आली तर शाळेच्या मैदानात उभी करायला जागा आम्ही देऊ. चहा-नाश्त्याचं माझ्याकडे लागलं. पण हे त्यांना लिहायला हवं, तुम्हाला लिहून काय उपयोग. लिहीन.

यंदा आंबा उशिरा आला म्हणून निघायलाही उशीर झाला आहे. चौदा तारखेची कोकणकन्येची दोन तिकिटं काढली आहेत. पंधराला पहाटे मुंबईत. नातवाने कॅलेंडर बघून घेतलं आहे, उतरायच्या दिवशी सोमवार येत नाही. बहीण परवाच आली, किल्ली नेहमीच्या ठिकाणी आहे. या आठवड्यात काय लागलं आहे ते तेवढं कळवलंत तर बरं, नाहीतर चहाच्या टपरीवर विचारू.

आपला,
गणपतीच्या शाळेतला एक मूर्तिकार
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग